पोह्यांवर शेव घालायची की नाही: इंदूरमधल्या एका मदतनिसाच्या प्रशिक्षणाचं प्रकरण

इंदूरच्या रामबाग भागात तळमजल्यावर राहणारं एक मराठी कुटुंब. वडील बँकेतून निवृत्त, वय ७२. आई ६८ वर्षांची. मुलगा ३६ वर्षांचा, त्याला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी. चारही हातापायांत ताठरपणा, मानेवर ताबा कमी, बोलणं अस्पष्ट. बुद्धी मात्र तल्लख. लेखनिक घेऊन बारावी झाला, रोजचा पेपर वाचून घेतो, क्रिकेटचे आकडे त्याला विचारावेत. आईला त्याचं बोलणं बरंचसं कळतं, वडिलांना निम्मं, बाहेरच्या माणसाला जवळजवळ नाहीच. कुटुंब ओळखू येऊ नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. धाकटी बहीण त्याला दादा म्हणते, मीही इथे दादाच म्हणते.

इतकी वर्षं त्याला उचलणं, अंघोळ घालणं, भरवणं हे सगळं आईने केलं. मग तिचा उजवा खांदा आखडला आणि डॉक्टरांनी वजन उचलायला बंदी केली. बहीण पुण्याला. नाइलाजाने घरात पहिल्यांदा पगारी माणूस आला. घरोघरी मदतनीस पुरवणाऱ्या ब्यूरोने पाठवलेला पहिला मुलगा आठवडाभरात गेला. दुसरा दिवसभर मोबाइलमध्ये, आणि दादाला भरवताना जणू पोत्यात धान्य भरायचं आहे असा. तिसरा २१ वर्षांचा, सांवेरकडच्या गावातला, बारावी पास, रुग्णालयातल्या अटेंडंटचा छोटा कोर्स केलेला. घरात तो दादाला ‘भैया’, आईवडिलांना ‘आंटी-अंकल’ म्हणायचा आणि मालवी वळणाची हिंदी बोलायचा. याला तरी टिकवायचं, म्हणून कुटुंबाने अपंगांसाठी काम करणाऱ्या आमच्या संस्थेला विचारलं: तुम्ही याला शिकवाल का?

कोर्समध्ये काय होतं, घरात काय लागत होतं

हा मदतनीस मुलगा कोरा नव्हता. माणसाला पलंगावरून न उठवता चादर बदलणं, स्पंजिंग, बेडपॅन, ताप-बीपीची नोंद, हात धुण्याची पद्धत, हे सगळं त्याला येत होतं आणि नीट येत होतं. आपल्याकडे या थरातल्या कामासाठी जे प्रशिक्षण सहज मिळतं, ते बहुतेक ‘जनरल ड्युटी असिस्टंट’च्या वळणाचं, म्हणजे वॉर्ड डोळ्यांसमोर ठेवून आखलेलं असतं. त्यातला माणूस पलंगावर असतो, काही दिवसांनी बरा होऊन घरी जातो आणि तोवर डॉक्टर-नर्स सांगतील तसं चालतं.

दादा आजारी नाही. तो बरा होऊन कुठे जाणार नाही, तो घरीच आहे. वॉर्डात शिकलेलं ‘पेशंटला हलू देऊ नका’ हे इथे आणलं, तर महिन्याभरात माकडहाडापाशी लाल चट्टा उठेल. दाबला तरी पांढरा न पडणारा लाल चट्टा ही बेडसोअरची पहिली पायरी, हे त्या मुलाला पाठ होतं. पण खुर्चीत बसलेल्या माणसालाही तो होतो आणि म्हणून खुर्चीतही थोड्या-थोड्या वेळाने बसण्याचा भार बदलावा लागतो, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या वळणाचं प्रशिक्षण आपल्याकडे नाहीच असं नाही. भारतीय पुनर्वास परिषदेने मेलबर्न विद्यापीठाच्या मदतीने आखलेला समाजाधारित समावेशक विकासाचा सहा महिन्यांचा अभ्यासक्रम २०२१मध्ये सुरू झाला. त्यातून तयार होणाऱ्यांना ‘दिव्यांग मित्र’ म्हणतात. केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टनेही ‘सहयोगी’ योजनेतून काळजीवाहक घडवण्याचा प्रयत्न केला. पण रामबागेतल्या घराने फोन लावला तेव्हा समोरून आला तो ब्यूरोचा मुलगा. हे प्रकरण त्याच्यासारख्यांचं आहे, कारण बहुतेक घरांत तोच येतो.

हात

सुरुवात उचलण्यापासून केली. आधी सांगायचं, मग हात लावायचा. दादाचं शरीर अचानक आवाजाने किंवा अचानक स्पर्शाने धनुष्यासारखं ताणतं आणि ताणलेल्या माणसाला खुर्चीत बसवायला गेलं तर दोघेही पडतात. काखेत हात घालून ओढायचं नाही, खांदा निखळू शकतो. व्हीलचेअरचे ब्रेक लावायचे, फूटरेस्ट बाजूला करायचे, स्वतःची कंबर वाकवायची नाही, गुडघे वाकवायचे. हे सगळं तो पटकन शिकला. शेतात पोती उचललेल्या मुलाला अंग कसं वापरायचं हे वेगळं सांगावं लागत नाही, फक्त घाई काढून घ्यावी लागते.

भरवणं मात्र वेगळं प्रकरण होतं. आमचा बहुतेक वेळ तिथेच गेला.

दादाला चमचा दातांना लागला की जबडा कडकन मिटतो. ही त्याची इच्छा नाही, प्रतिक्षिप्त क्रिया आहे. आधीचा मुलगा अशा वेळी स्टीलचा चमचा ओढून काढायचा. ओढलं की जबडा आणखी आवळतो, दात दुखावतात आणि जेवणारा माणूस पुढच्या घासाला घाबरतो. उपाय साधा आहे, पण माणसाच्या हाताला तो पटत नाही: ओढायचं नाही. हात सैल सोडायचा, थांबायचं, जबडा आपोआप सुटतो. सिलिकॉनचा चपटा चमचा आणला. चमचा जिभेच्या मध्यावर ठेवून हलका दाब द्यायचा, वरच्या दातांवर पुसून काढायचा नाही.

दुसरी गोष्ट उंचीची. मुलगा उभा राहून भरवायचा. वॉर्डात सगळे उभेच असतात. भरवणारा उभा असला की खाणारा वर बघतो, मान मागे जाते आणि घास अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेकडे घसरायला वाट मोकळी होते. म्हणून स्टूल. समोर, नजरेच्या पातळीवर, जमलं तर किंचित खाली. दादाची कंबर खुर्चीच्या मागे टेकलेली, पाय फूटरेस्टवर, हनुवटी किंचित छातीकडे. कंठमणी वर जाऊन खाली येईपर्यंत दुसरा घास नाही. जेवणानंतर अर्धा तास आडवं करायचं नाही. आवाज ओलसर, घोगरा झाला, तर तो घशात काहीतरी अडकल्याचा निरोप समजायचा. आणि ठसका लागला नाही म्हणजे सगळं ठीक, असंही धरायचं नाही. अन्न बिनठसक्याचंही श्वासनलिकेत जातं, मग दोन-तीन दिवसांनी ताप येतो आणि सगळे हवामानाला दोष देतात.

हे नुसतं सांगून उपयोग नव्हता. मुलाला खुर्चीत बसवलं, हात मांडीखाली ठेवायला सांगितले आणि वडिलांना त्याला दही भरवायला लावलं: आधी उभं राहून, मोठे घास, त्याच्याशी न बोलता. तिसऱ्या चमच्याला तो म्हणाला, “अंकल, रुको तो सही.” मग तेच बसून, विचारून, थांबून. डोळ्यांवर पट्टी बांधून ‘अंधत्व अनुभवा’ छापाचे खेळ मला आवडत नाहीत, त्यातून निघते ती बहुतेक वेळा दया. पण भरवून घेणं हा खेळ नाही, त्याने तंत्र शिकवलं जातं. एवढा फरक मी करते.

या घरात पातळ पाणी सगळ्यात अवघड, कारण ते जिभेवर आवरत नाही. ते पावडर घालून दाट करायचं. गुरगुट्या भात, मेतकूट, दाट वरण, मऊ खिचडी, घोटलेली भाजी हे सोपे पदार्थ. साबुदाण्याची खिचडी चिकट म्हणून वाईट. चिवडा, पुरी, दाणे, शेव आणि पोहे बंद, अशी आईची यादी स्वयंपाकघराच्या दारामागे चिकटवलेली होती.

पाटी

दादाकडे देवनागरी अक्षरांची पाटी होती. समोरच्याने एकेका ओळीवर बोट ठेवायचं, हवी ती ओळ आली की दादा डोळे वर करतो, मग त्या ओळीतलं अक्षर. नाही म्हणायचं तर नजर खाली. आई घरी असल्याने पाटी कपाटात पडून होती. आईला न विचारताच कळायचं, किंवा कळतं असं ती धरून चालायची.

नव्या मुलामुळे पाटी बाहेर आली. मराठी त्याला येत नव्हती, पण लिपी एकच, त्यामुळे अक्षरं तो वाचू शकत होता, आणि दादाने चटकन हिंदीत अक्षरं जुळवायला सुरुवात केली. इंदूरच्या मराठी माणसाला ते काही जड नाही. पंधरवड्यात दोघांचं असं जमलं की मुलगा ओळ पुरी व्हायच्या आधीच शब्द ओळखायचा. तिथे मी त्याला थांबवलं. अंदाज सांगायचा असेल तर विचारायचा, ‘भैया, ये बोल रहे हो?’ आणि डोळे वर होईपर्यंत तो शब्द झाला असं धरायचं नाही. दुसऱ्याचं वाक्य पुरं करणं ही मदत वाटते. असं पुरं केलेलं वाक्य दरवेळी त्याचंच असतं असं नाही.

इथवर सगळं छान चाललं होतं. कुटुंब खूश, ब्यूरो खूश. बरेच प्रशिक्षण-अहवाल इथे संपतात.

रविवार

एका रविवारी आईवडील सुदामानगरात वास्तुशांतीला गेले. दादाने पाटीवर लिहिलं: बाहर. मग: पोहे. कोपऱ्यावरच्या ठेल्यापर्यंत मुलगा खुर्ची घेऊन गेला. इंदूरचे पोहे उकळत्या पाण्याच्या वाफेवर ठेवलेले असतात, त्यामुळे मऊ राहतात. पण वर येते बारीक शेव आणि त्यावर जीरावन, म्हणजे कोरडी भुकटी. गिळायला त्रास असलेल्या माणसाला नुसतं मऊ जमतं, नुसतं दाट जमतं. ओलं आणि कुरकुरीत एका घासात आलं की जिभेला दोन कामं एकदम करावी लागतात. मुलाने विचारलं, शेव नको ना? दादाने पाटीवर लिहिलं: शेव के बिना क्या पोहे.

तिसऱ्या घासाला जीरावन घशाला लागलं आणि ठसका आला. मुलाने शिकवल्याप्रमाणे केलं: त्याला पुढे झुकवलं, पाठीत धपाटे घातले नाहीत (माणूस जोरात खोकतोय तोवर हवा येते-जाते आहे, त्याला खोकू द्यायचं), तोंडातलं बाहेर काढलं, वाट पाहिली. खोकला थांबला. दादाला आणखी हवे होते, मुलाने नको म्हटलं. दोघे घरी आले. त्याने कोणाला काही सांगितलं नाही. शेजारच्या काकूंनी सांगितलं.

संध्याकाळी आईने त्याला उद्यापासून येऊ नकोस म्हणून सांगितलं. ब्यूरोच्या माणसाचं म्हणणं तर साधं होतं: पैसे देणारी ‘पार्टी’ जे सांगेल ते ऐकायचं, विषय संपला. रागात आलेल्या नातेवाइकांपैकी एकाने आणखी पुढे जाऊन सुचवलं की दादाचं कायदेशीर पालकत्वच घेऊन टाका, म्हणजे असे प्रश्न येणार नाहीत. १९९९च्या नॅशनल ट्रस्ट कायद्याखाली सेरेब्रल पाल्सी असलेल्या प्रौढासाठी स्थानिक स्तर समितीकडे तसा अर्ज करता येतो, हे खरं. पण ज्याला स्वतःचं हित कळतं आणि सांगता येतं, त्याच्यावर पालक नेमायचा तो पोह्यांसाठी? वडिलांनी तो विषय तिथेच मिटवला. याचं श्रेय त्यांना.

बैठक

माझी अट एकच होती: बैठक दादाच्या समोर, पाटीसह.

आई आधी बोलली. काही वर्षांपूर्वी दादाला न्यूमोनिया झाला होता, आयसीयूत ठेवावं लागलं होतं. “तुम्ही येता, शिकवता, जाता,” ती म्हणाली, “रात्री त्याच्या छातीतली घरघर ऐकायला मीच असते.” यावर उत्तर नाही आणि द्यायचंही नसतं. अपंगांच्या हक्कांबद्दल बोलणारे आम्ही लोक आयांना फार लवकर ‘अतिकाळजी करणाऱ्या’ म्हणून मोकळे होतो. दारामागची ती यादी आयसीयूच्या बाहेरच्या बाकावर तयार झालेली होती.

मग दादा. मुलगा अक्षरं मोठ्याने वाचत होता. ते मराठीत होतं आणि बराच वेळ लागला: “ठसका मला लागतो. विचारा मला.”

आणि मग मुलगा, जो तोवर दाराशी उभा होता. त्याने विचारलं, “भैया को कुछ हो जाता, तो मुझे कौन छोड़ता?”

या प्रकरणातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य मला हेच वाटतं. प्रशिक्षणात आपण शिकवतो की ज्याला मदत करायची त्याची निवड माना. २०१६च्या दिव्यांगजन हक्क कायद्याचं १३वं कलमही तेच सांगतं: आधार देणाऱ्याने अनुचित प्रभाव टाकू नये आणि त्या व्यक्तीची स्वायत्तता, प्रतिष्ठा, खासगीपणा जपावा. छान आहे. पण घरात निवड दादाची, भीती आईची आणि काही बिघडलं तर पोलीस चौकीत उभा राहणार तो सर्वांत कमी पगार घेणारा मुलगा. असं असताना तो दादाचं ऐकेल कसा? ऐकलंच, तर सांगेल कसा? त्याने ठेल्यावर जे केलं त्यात तंत्राची चूक नव्हती. लपवलं ते चुकलं, आणि खरं बोलल्यावर नोकरी जाणार असेल तिथे माणूस लपवणारच.

‘हुकूम कोणाचा’ हा भाग आमच्या आराखड्यात होता, पण शेवटच्या आठवड्यासाठी राखून ठेवलेला, हात तयार झाल्यावर बघू म्हणून. आता तो आम्ही पहिल्या दिवशी घेतो, तोही घरच्यांना समोर बसवून.

एक पान

बैठकीतून एक पान तयार झालं. दादाने सांगितलं, बहिणीने पुण्याहून फोनवर टाइप केलं, मराठी आणि हिंदी दोन्हीत. काय खायचं, काय घालायचं, कधी झोपायचं, कुठे जायचं हे दादा ठरवणार. नवा पदार्थ मात्र एकदा स्पीच थेरपिस्टसमोर (बोलण्याबरोबर गिळण्याचा त्रासही त्याच पाहतात) खाऊन पाहायचा आणि त्या जे सांगतील ते सगळ्यांनी मानायचं, दादासकट. सर्दी-ताप असेल, झोप आलेली असेल, तर मुलगा नकार देऊ शकतो आणि त्या नकाराबद्दल त्याला कोणी बोलणार नाही. जे झालं ते त्याच दिवशी सांगायचं. आणि सगळ्यात खाली: या पानाप्रमाणे वागून काही झालं, तर दोष मुलावर येणार नाही. आईवडिलांनी सह्या केल्या. दादाने अंगठा दिला आणि त्यासाठी त्याचा हात मुलाने नाही, वडिलांनी धरला.

हा कागद कोर्टात किती टिकेल हा वेगळा विषय. घरात टिकला. ‘दोष मुलावर येणार नाही’ या ओळीवर आई बराच वेळ अडली होती, सही केली तीही नाराजीनेच.

थेरपिस्ट घरी आल्या. दादाच्या घशावर बोटं ठेवून, गिळताना कंठ किती उचलला जातो ते पाहत त्यांनी वेगवेगळे घास देऊन पाहिले. निष्कर्ष असा: वाफेवरचे पोहे थोडं कोमट पाणी शिंपडून, दाट दह्यात कालवून चालतील. शेव आधी मिसळून भिजू द्यायची. जीरावन वरून भुरभुरायचं नाही, दह्यात घोळायचं. दाणे नाहीत, यावर त्या ठाम. दादाने भिजलेल्या शेवेला पाटीवर जो शब्द वापरला तो मी इथे देत नाही, पण खाल्ली. फीचा प्रश्न निघाला तेव्हा कळलं की नॅशनल ट्रस्टचा ‘निरामय’ आरोग्य विमा या कुटुंबाने कधी काढलाच नव्हता. त्यात वर्षाला १ लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण आहे आणि थेरपीच्या खर्चाचीही सोय आहे. वडिलांनी तो अर्ज त्याच महिन्यात भरला.

त्यानंतर

मुलगा परत आला आणि टिकला, पण कायमचा नाही. काही महिन्यांनी एका खासगी रुग्णालयात जास्त पगाराची नोकरी मिळाली, तो गेला. गेला याचं मला वाईट वाटत नाही, २१ वर्षांच्या मुलाने जावंच. वाईट याचं वाटतं की घरातल्या या कामाला वॉर्डातल्या कामाइतकाही भाव मिळत नाही, आणि वॉर्डात त्याला पाटी, स्टूल, कंठमणी यातलं फारसं काही लागणारही नाही.

त्याच्या जागी आलेल्याला शिकवायला आम्हाला थोडेच दिवस जावं लागलं, कारण शिकवणारा आता घरातच होता. नव्या मुलाला पान वाचायला देऊन दादा त्याच्याकडे बघत बसतो. चमचा ओढला की दिवसभर पाटीला नकार. ही जरा जास्तच कडक शिक्षा आहे असं मी त्याला सांगितलं, त्याने नजर खाली केली. रात्रीचं जेवण अजून आईच भरवते, दुखऱ्या खांद्याने नाही, डाव्या हाताने. तेही पानात दादाच्या सांगण्यावरूनच आहे.

अंघोळीचा विषय अर्धवट राहिला आहे. दादाला कोणी अंघोळ घालायची, दार किती उघडं ठेवायचं, आईने आत यायचं की नाही, यावर घरात अजून मोकळं बोलणं झालेलं नाही आणि बाहेरच्याने ते ढकलत न्यावं असं मला वाटत नाही.

बदली माणसाचा प्रश्न तर अजून पुरता शिल्लक आहे. दिवाळीत नवा मुलगा गावी गेला तेव्हा बहिणीचा नवरा पुण्याहून आला. त्याने प्रेमाने, उभं राहून भरवायला घेतलं, दादाने तोंड घट्ट मिटलं आणि जावईबापू स्टूल शोधायला लागले. पण जावई दर सुट्टीला येणार नाहीत. ब्यूरो बदली पाठवतो तो न शिकलेला, आणि त्याला शिकवण्याच्या दोन दिवसांचा पगार द्यायला ब्यूरोही तयार नाही, कुटुंबालाही दर वेळी परवडत नाही. सध्या गल्लीतल्याच दोन मुलांशी बोलणं चालू आहे: महिन्यातून एक रविवार, ठरलेले पैसे, आणि पहिल्या दिवशी पान.